१७७३ चे दोन कायदे : एक बोस्टनला गेला, दुसरा पुण्याला

वखारकर

अमेरिकेतल्या तेरा ब्रिटिश वसाहतींचं स्वतंत्र राष्ट्र कसं झालं, हे आपल्याकडे शाळेत दोन पानांत उरकतात. स्टँप ॲक्ट, बोस्टनचा चहा, ४ जुलै १७७६, वॉशिंग्टन, झालं. त्यात हिंदुस्थान औषधालाही नसतो. उलट पहिल्या इंग्रज-मराठा युद्धावर मराठीत ढीगभर लिहिलं गेलंय, त्यात अमेरिका नसते. ही दोन्ही युद्धं एकाच वेळी चालू होती, आणि दोन्हींच्या मुळाशी लंडनच्या एकाच कंपनीच्या, ईस्ट इंडिया कंपनीच्या, तिजोरीतला खडखडाट होता, असं माझं ठाम मत आहे. त्यासाठी हा धागा.

आधी वसाहतींबद्दल. "तेरा वसाहती" म्हटलं की कोणीतरी नकाशा समोर ठेवून त्या वसवल्या असाव्यात असं वाटतं. तसं काहीही नव्हतं. व्हर्जिनिया (१६०७) हा शुद्ध धंदा, भागभांडवल गोळा करून काढलेल्या कंपनीचा. प्लिमथ (१६२०) आणि मॅसॅच्युसेट्स (१६३०) इथे गेले ते इंग्लंडच्या चर्चशी न पटलेले लोक. मेरीलँड एका कॅथलिक उमरावाला मिळालं. ऱ्होड आयलंड वसवलं ते मॅसॅच्युसेट्सने हाकलून दिलेल्या रॉजर विल्यम्सने. न्यूयॉर्क १६६४ मध्ये डचांकडून हिसकावलं. पेनसिल्व्हेनिया तर थेट कर्जफेडीत गेलं. दुसऱ्या चार्ल्स राजाकडे विल्यम पेनच्या वडिलांचे १६,००० पौंड थकले होते, त्याबदल्यात राजाने १६८१ मध्ये पेनला एवढा मोठा मुलूख लिहून दिला. सर्वांत शेवटी जॉर्जिया, १७३३ मध्ये.

हाच दुसरा चार्ल्स आपल्याही ओळखीचा आहे. मुंबई त्याला १६६१ च्या विवाह-तहात पोर्तुगिजांकडून आंदण मिळाली आणि १६६८ मध्ये त्याने ती वर्षाला १० पौंड खंडाने ईस्ट इंडिया कंपनीला दिली. त्या सनदेत मुंबईची जमीन ईस्ट ग्रीनिचच्या जहागिरीच्या अटींवर धारण करावी असं कलम आहे. अगदी हेच कलम १६०६ च्या व्हर्जिनियाच्या सनदेतही आहे. म्हणजे कायद्याच्या कागदावर मुंबई बेट आणि व्हर्जिनियाचं जंगल या दोन्ही जमिनी इंग्लंडमधल्या केंट परगण्यातल्या एकाच जहागिरीला जोडलेल्या! माणसंही तीच. सर टॉमस स्मिथ हा ईस्ट इंडिया कंपनीचा पहिला गव्हर्नर, आणि व्हर्जिनिया कंपनीचा कारभारही काही वर्षं त्याच्याच हातात होता.

आता मुद्द्याचं. फ्रान्सविरुद्धचं सात वर्षांचं युद्ध (१७५६-६३) इंग्लंडने जिंकलं खरं, पण सरकारी कर्ज साधारण साडेसात कोटी पौंडांवरून तेरा कोटींवर गेलं. अमेरिकेत सुमारे १०,००० फौज ठेवायची होती. तिच्या खर्चाचा काही भाग वसाहतींनी उचलावा म्हणून मार्च १७६५ मध्ये स्टँप ॲक्ट, म्हणजे कागदपत्रांवरचा मुद्रांक-कर, आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये क्लाइव्हने अलाहाबादला शहाआलम बादशहाकडून बंगाल-बिहार-ओरिसाची दिवाणी, म्हणजे महसूल वसुलीचा हक्क, घेतली. अमेरिकेत लोकांनी स्टँप विकणाऱ्या अंमलदारांना राजीनामे द्यायला लावले आणि वर्षभरात पार्लमेंटला कायदा मागे घ्यावा लागला. बंगालमध्ये असं म्हणायची सोय कोणाला होती? तिथे १७७० चा भयंकर दुष्काळ पडला तरी वसुली थांबली नाही. वॉरन हेस्टिंग्जने १७७२ मध्ये स्वतः लिहून ठेवलंय की किमान एक तृतीयांश माणसं गेली, आणि तरीही १७७१ ची निव्वळ वसुली १७६८ पेक्षा जास्त भरली. हे वाक्य मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा सुन्न होतो.

एवढं ओरबाडूनही कंपनी बुडायला आली. दिवाणीच्या बातमीने शेअरचे भाव चढले, भागधारकांनी लाभांश वाढवून घेतला, सरकारनेही १७६७ पासून वर्षाला ४ लाख पौंड मागितले. फौजेचा खर्च वाढत होता, नोकर स्वतःची घरं भरत होते. त्यात १७७२ मध्ये लंडन-ॲम्स्टरडॅमच्या पेढ्या कोसळल्या आणि कर्ज मिळेना. लंडनच्या गोदामांत पावणेदोन कोटी रत्तलांच्या आसपास चहा पडून होता. अमेरिकेतलं गिऱ्हाईक बहिष्कारामुळे आणि डच चहाच्या तस्करीमुळे तुटलं होतं.

म्हणून १७७३ च्या उन्हाळ्यात पार्लमेंटने कंपनीला १४ लाख पौंडांचं कर्ज दिलं आणि सोबत दोन कायदे केले.

पहिला, चहाचा कायदा. आधी कंपनी लंडनमध्ये चहा लिलावात विकायची, तिथून व्यापारी तो अमेरिकेला न्यायचे. आता कंपनीला स्वतःच्या नेमलेल्या अडत्यांकडे थेट माल पाठवायची मुभा मिळाली, इंग्लंडमधली जकातही परत मिळणार होती. चहा स्वस्त झाला. पण अमेरिकेतला रत्तलामागे ३ पेन्सचा कर तसाच ठेवला. बोस्टनमधल्या अडत्यांत खुद्द गव्हर्नर हचिन्सनची दोन मुलं होती. म्हणजे स्वस्त चहा प्यायचा, तर न मागता बसवलेला कर आणि कंपनीचा मक्ता, दोन्ही मुकाट्याने मान्य करायचे.

१६ डिसेंबर १७७३ च्या रात्री शंभराहून अधिक माणसं, काहींनी मोहॉक लोकांसारखी तोंडं रंगवलेली, ग्रिफिनच्या धक्क्यावरच्या तीन गलबतांवर चढली. कुऱ्हाडींनी सुमारे ३४० पेटारे फोडले, ९२,००० रत्तलांहून जास्त चहा पाण्यात ओतला. ओहोटी होती, त्यामुळे चहाचे ढीग गलबतांच्या कडेला साचत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी लोक होड्या घेऊन गेले आणि तरंगणारा चहा वल्ह्यांनी झोडपून बुडवला, कोणी गोळा करून नेऊ नये म्हणून. (चहा सगळा चिनी. आसामचा चहा पुढच्या शतकातला.)

दुसरा, रेग्युलेटिंग ॲक्ट. या कायद्याने कलकत्त्याचा गव्हर्नर जनरल आणि त्याचं कौन्सिल यांना मुंबई-मद्रासच्या युद्ध-तहांवर अधिकार मिळाला. त्याच वर्षी ३० ऑगस्टला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. पुढे राघोबादादा मुंबईकर इंग्रजांच्या आश्रयाला गेले, मुंबईकरांनी डिसेंबर १७७४ मध्ये ठाण्याचा किल्ला घेतला आणि ६ मार्च १७७५ ला सुरतेचा तह केला. हे कलकत्त्याला न विचारता. कलकत्त्याने नव्या कायद्यावर बोट ठेवून तो तह नाकारला, कर्नल अप्टनला पाठवलं आणि १ मार्च १७७६ ला पुरंदरचा तह झाला. सुरतेच्या तहानंतर दीड महिन्यात अमेरिकेत लेक्सिंग्टनला पहिली गोळी सुटली, पुरंदरनंतर चार महिन्यांत फिलाडेल्फियाला स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला.

दोन्ही खंडांतल्या घडामोडी एकत्र मांडून बघा. माहीतगारांनी भर घालावी.

अनघा रिचमंड

खूप छान धागा. मी व्हर्जिनियात राहते, म्हणून "शुद्ध धंदा" या दोन शब्दांवर थोडं लिहिते. त्या धंद्यात माणसं कशी मेली हे जेम्सटाऊनला गेल्यावर कळतं.

१६०९ च्या हिवाळ्यात तिथे सुमारे ५०० वसाहतवाले होते. वसंतात ६० च्या आसपास उरले. पावहाटन या मूळ रहिवाशांच्या राजाच्या लोकांनी वेढा घातलेला, बाहेर पडता येईना. घोडे, कुत्री, उंदीर, जोड्यांचं कातडं, सगळं खाऊन झालं. माणसं खाल्ली गेली असं तेव्हाच्या पत्रांत होतं, पण ती अतिशयोक्ती असेल असं अनेकांना वाटे. २०१२ मध्ये उत्खननात साधारण १४ वर्षांच्या एका इंग्रज मुलीची कवटी मिळाली, तिच्यावर सुरीचे आणि घावांचे स्पष्ट व्रण आहेत. तज्ज्ञांनी तिला जेन असं नाव दिलंय. तिचं खरं नाव कोणालाच माहीत नाही. तिथल्या संग्रहालयात तिच्यासमोर उभं राहिलं की भागभांडवल वगैरे शब्द फार पोकळ वाटतात.

वसाहत तगली ती जॉन रॉल्फच्या तमाखूमुळे. तमाखू जमीन खाते, म्हणून आणखी जमीन लागते. हात लागतात, म्हणून आणखी माणसं लागतात. १६१९ या एकाच वर्षी तिथे दोन गोष्टी झाल्या. जुलैअखेरीस वसाहतवाल्यांनी निवडलेल्या प्रतिनिधींची पहिली सभा भरली, आणि ऑगस्टअखेरीस पॉइंट कम्फर्टला वीसेक आफ्रिकी बंदी उतरवून अन्नधान्याच्या बदल्यात विकले गेले. इथल्या लोकशाहीची आणि गुलामगिरीची सुरुवात महिन्याभराच्या अंतराने, एकाच नदीकाठी.

सह्यकडा

माहिती उत्तम, पण निष्कर्ष पटला नाही. दोन गोष्टी एकाच वर्षी घडल्या म्हणून त्यांचा संबंध जोडणं म्हणजे काकतालीय न्याय. अमेरिकन लोक १७६४ च्या साखरेच्या करापासून भांडत होते. मार्च १७७० मध्ये बोस्टनला गोळीबारात पाच माणसं मेली, तेव्हा चहाचा कायदा नव्हता. कंपनी बुडाली नसती तरी हे भांडण चिघळलंच असतं. शिवाय त्या वसाहतींत प्रत्येकाला आपापल्या विधानसभेतून कर ठरवायची शे-सव्वाशे वर्षांची सवय होती. खरं कारण ते. बंगाल तिथे कुठून आला?

वखारकर

सह्यकडा, सवयीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. ती सवय नसती तर चहा गुपचूप प्यायला गेला असता. पण १७७० ते १७७३ ही तीन वर्षं बघा. पार्लमेंटने अर्थमंत्री टाउनशेंडने वसाहतींच्या आयातीवर बसवलेल्या करांपैकी चहा सोडून बाकीचे मागे घेतले होते. व्यापाऱ्यांनी बहिष्कार सोडून इंग्लंडचा माल पुन्हा मागवायला सुरुवात केली होती. बोस्टनच्या सॅम्युएल ॲडम्ससारखे मोजके पुढारी सोडले तर चळवळ थंडावली होती. ती पुन्हा पेटली ती चहाच्या कायद्याने, आणि तो कायदा अमेरिकेला डिवचायला केलेला नव्हताच, कंपनीला वाचवायला केला होता.

बंगाल कुठून आला, तर तो तिथल्या लोकांनीच आणला. पेनसिल्व्हेनियाचे जॉन डिकिन्सन यांनी नोव्हेंबर १७७३ मध्ये, चहा बुडवण्याच्या आधी, 'रस्टिकस' या टोपणनावाने एक पत्रक छापलं. त्यात सरळ कंपनीच्या आशियातल्या वागणुकीचा पाढा आहे: तिने तिथे मक्ते लादले, धान्याचे भाव चढवले, लाखो माणसं उपासमारीने मेली, आणि आता तिची नजर अमेरिकेकडे वळली आहे. बंगालच्या दुष्काळाच्या बातम्या लंडनच्या वर्तमानपत्रांतून वसाहतींत पोचत होत्या. आपलं बंगाल होईल ही भीती त्यांनी बोलून दाखवलेली आहे, मी जोडलेली नाही.

आणि चहाची किंमत होती फक्त साडेनऊ हजार पौंडांच्या वर. तेवढ्यासाठी पार्लमेंटने बोस्टन बंदर बंद केलं, मॅसॅच्युसेट्सची सनद बदलली. तेव्हा कुठे एरवी एकमेकांशी सीमेवरून भांडणाऱ्या बारा वसाहतींचे प्रतिनिधी सप्टेंबर १७७४ मध्ये फिलाडेल्फियाला एकत्र बसले. जॉर्जिया तेव्हाही आला नव्हता.

तोफखाना

लढायांची बाजू मी भरतो. संबंध कुठे दिसतो, तर फ्रान्समध्ये.

ऑक्टोबर १७७७ मध्ये साराटोगाला जनरल बर्गॉयनची अख्खी फौज शरण गेली आणि फेब्रुवारी १७७८ मध्ये फ्रान्सने अमेरिकनांशी उघड करार केला. त्याआधीच, १७७७ मध्ये, सेंट ल्युबिन नावाचा फ्रेंच माणूस पुण्यात नाना फडणिसांकडे येऊन बसला होता. नानांनी त्याचा थाटात सत्कार केला. त्याच्यात फारसा दम नव्हता, पण मुंबईकरांच्या पोटात गोळा उठवायला तेवढं पुरलं. फ्रेंच पश्चिम किनाऱ्यावर बंदर मिळवणार, ही ओरड करून त्यांनी पुन्हा राघोबांना पुढे केलं. त्यातून जानेवारी १७७९ चं वडगाव. कॅप्टन स्टुअर्ट, ज्याला आपले लोक इष्टुर फाकडा म्हणत, कार्ल्याला पडला, मराठ्यांनी तळेगाव स्वतः जाळून इंग्रजांना दाणागोटा मिळू दिला नाही, आणि वडगावला त्यांना तह लिहून द्यावा लागला. सव्वा वर्षाच्या आत दोन खंडांत दोन इंग्रज फौजा वेढल्या जाऊन नमल्या.

एप्रिल १७८१ मध्ये जनरल गॉडर्ड बोरघाटातून मार खात पनवेलकडे उतरला. १९ ऑक्टोबर १७८१ ला यॉर्कटाऊनला कॉर्नवॉलिसने शस्त्रं खाली ठेवली. तोवर स्पेन आणि हॉलंडही विरोधात गेले होते, दक्षिणेत हैदरअलीने कर्नाटक (तेव्हाचा अर्काटच्या नबाबाचा मुलूख) उजाड केलं होतं. मे १७८२ मध्ये महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने सालबाईचा तह झाला. इंग्रजांनी राघोबांचा नाद सोडला, ठाण्याचं साष्टी बेट मात्र त्यांच्याकडेच राहिलं.

आणि हे फार थोड्यांना माहीत असतं: अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातून पेटलेल्या या जागतिक लढाईतली शेवटची मोठी आरमारी झुंज आपल्याकडे झाली. जून १७८३ मध्ये कडलूरसमोर फ्रेंच ॲडमिरल सफ्रेन आणि इंग्रज ॲडमिरल ह्यूज भिडले. युरोपात जानेवारीतच प्राथमिक तह झाला होता, ती बातमी इथे पोचली नव्हती.

कॉर्नवॉलिस पुढे १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्याला आला आणि टिपूविरुद्ध मराठे-निजामाला सोबत घेऊन लढला. यॉर्कटाऊनचा पराभूत सेनापती श्रीरंगपट्टणचा विजेता म्हणून मायदेशी परतला. इंग्रजांनी गेलेल्या वसाहतींचं दुःख फार काळ केलं नाही, त्यांचं लक्ष इकडे वळलं. आपल्यासाठी तेरा वसाहतींच्या स्वातंत्र्याचा खरा परिणाम हा.

जुईली

वाचतेय. तोफखाना, वडगाव-साराटोगा हे कधी लक्षातच आलं नव्हतं. एक शंका: ब्रिटनच्या अमेरिकेत तेराच वसाहती होत्या का? बाकीच्यांनी बंड का नाही केलं?

निशिगंध

जुईली, नाही. कॅरिबियन बेटं, नोव्हा स्कोशिया, क्वेबेक, दोन्ही फ्लोरिडा धरून आकडा पंचविशीच्या आसपास जातो. जमैका, बार्बाडोसची साखर इंग्लंडच्या संरक्षित बाजारात विकली जायची, तो बाजार गेला तर मळेवाले संपले. शिवाय तिथे गोऱ्यांच्या कितीतरी पट गुलाम होते. इंग्रज आरमार आणि फौज ही मळेवाल्यांची गरज होती. क्वेबेकमध्ये फ्रेंच कॅथलिक लोक, त्यांना १७७४ च्या कायद्याने धर्माची आणि जुन्या दिवाणी कायद्याची मुभा मिळाली होती. ते बोस्टनच्या प्युरिटनांसाठी कशाला लढतील?

आता अनघाताईंचा १६१९ चा धागा पुढे नेते, कारण मला या विषयात सगळ्यांत जास्त तेच टोचतं. नोव्हेंबर १७७५ मध्ये व्हर्जिनियाचा गव्हर्नर डनमोर याने जाहीर केलं की बंडखोर मालकांचे जे गुलाम इंग्रजांकडून लढतील ते मुक्त. हजारो माणसं पळून गेली. डनमोर स्वतः गुलाम बाळगणारा, त्याला माणुसकीचा उमाळा वगैरे आला नव्हता. पण पळणाऱ्यांना स्वातंत्र्य तिकडे दिसलं, हे खरं. जेफरसनने जाहीरनाम्याच्या मसुद्यात गुलामांच्या व्यापाराबद्दल राजाला दोष देणारा परिच्छेद घातला होता, तो काँग्रेसने, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, काढून टाकला.

हॅरी वॉशिंग्टन हे नाव शोधून वाचाच. जॉर्ज वॉशिंग्टनच्या माउंट व्हर्नन या मळ्यावरचा गुलाम. तो पळून इंग्रजांना मिळाला. युद्ध संपल्यावर इंग्रजांनी सुमारे ३,००० कृष्णवर्णीयांना न्यूयॉर्कहून नोव्हा स्कोशियाला नेलं, त्यांत तो होता. तिथे पडीक जमीन आणि थंडी. १७९२ मध्ये त्यांतले सुमारे १,२०० लोक आफ्रिकेत सिएरा लिओनला गेले आणि फ्रीटाऊन वसलं. १८०० मध्ये तिथल्या सिएरा लिओन कंपनीने जमिनीवर कर लावला तेव्हा या लोकांनी बंड केलं, हॅरी वॉशिंग्टन त्या बंडात पकडला गेला आणि त्याला हद्दपार केलं. त्याचा जुना मालक कराविरुद्ध लढून राष्ट्रपिता झाला. तेच सिएरा लिओन १९६१ मध्ये स्वतंत्र राष्ट्र झालं.

मूळ रहिवाशांचं तर या तहांत नावच नाही. इरोक्वॉ लोकांच्या सहा राष्ट्रांचा जुना संघ या युद्धात दुभंगला. १७७९ मध्ये वॉशिंग्टनच्या हुकमावरून जनरल सलिव्हनने त्यांची गावं, मक्याची शेतं, फळबागा जाळल्या. १७८३ च्या पॅरिस तहात इंग्लंडने त्यांचा मुलूख त्यांना न विचारता अमेरिकेला देऊन टाकला. १७६३ मध्ये राजाने ॲपेलेशियन डोंगरापलीकडे वस्तीला बंदी केली होती, हीदेखील वसाहतवाल्यांची एक मोठी तक्रार होती हे विसरू नये. कराबद्दल सगळे बोलतात, जमिनीबद्दल कमी बोलतात.

सह्यकडा

निशिगंध, सुंदर प्रतिसाद. वखारकर, डिकिन्सनच्या पत्रकामुळे विचार करावा लागतोय. बंगाल हे कारण नाही, पण इशारा होता, इथपर्यंत मी यायला तयार आहे. आता एक सांगा, ४ जुलै १७७६ ला खरंच "एक राष्ट्र" झालं का? की तेरा?

वखारकर

तेरा. जाहीरनाम्यात "स्वतंत्र राज्ये" असं अनेकवचन आहे. १७८१ मध्ये लागू झालेल्या पहिल्या संघ-करारात मध्यवर्ती काँग्रेसला कर लावायचा अधिकारच नव्हता, ती राज्यांकडे वर्गणी मागायची आणि राज्यं देत नसत. सैनिकांचे पगार थकले. कर्जाच्या आणि राज्याने लावलेल्या करांच्या ओझ्याखाली मॅसॅच्युसेट्सचे शेतकरी १७८६ मध्ये डॅनियल शेज या जुन्या सैनिकाच्या नेतृत्वाखाली उठले, कोर्टं बंद पाडली. त्या धक्क्यानंतर १७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियाला राज्यघटना लिहिली गेली. त्यात संघाला कर लावायचा अधिकार मिळाला. प्रतिनिधींची संख्या ठरवताना गुलाम तीन पंचमांश मोजायचा, हा सौदाही त्यातच झाला. जून १७८८ मध्ये न्यू हॅम्पशायरच्या मंजुरीने नऊ राज्यं भरली आणि घटना पक्की झाली.

रॉजर विल्यम्सचं ऱ्होड आयलंड शेवटपर्यंत अडून बसलं. तिथल्या लोकांनी घटनासभेला माणूसच पाठवला नव्हता. वॉशिंग्टन अध्यक्ष होऊन वर्ष उलटलं तरी ते बाहेर होतं. शेवटी सिनेटने त्या राज्याशी व्यापार तोडण्याचं विधेयक मंजूर केलं, तेव्हा २९ मे १७९० ला तिथे मतदान झालं, ३४ विरुद्ध ३२. दोन मतांनी तेरावं राज्य आत आलं.